थोरलीचा दिवा वाढला

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना माझं ऐकू नका. आमच्या वन्संनी ही हकिकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा नेमका घोट तोंडात होता, आणि नवी कोरी साडी धुवायला टाकावी लागली. तो दोषही माझ्याच नावावर लागला. तेव्हा आधी गिळा, मग ऐका.

एकाच शब्दाने मी आमची गाडी जवळजवळ भंगारात घातली होती. आणि तो शब्द वाईट असता तर गोष्ट वेगळी. चांगला शुभ शब्द होता हो. आजही मी तो रोज वापरते. फक्त आता वापरण्याआधी आजूबाजूला मेकॅनिक आहे का, ते बघते.

गाडी म्हणजे आमचा ट्रक. तिला घरात सगळे थोरली म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा घरात ती आली, मुलगी नंतर झाली. म्हणून गाडी थोरली आणि मुलगी धाकटी. धाकटी आता पुण्याला नोकरी करते, तरी अजून कुरकुरते, "बाबांकडे कुणी मुलीची चौकशी केली की ते आधी टायरचं सांगतात." खोटं नाही ते. थोरलीने काय नाही वाहिलं? कांदे, टोमॅटो, द्राक्षं, झेंडूची फुलं, एकदा तर अख्खं लग्नाचं वऱ्हाड. तिचा किलोमीटरचा काटा सगळे नऊ भरून एकदा शून्यावर आला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. त्या दिवशी ह्यांनी पेढे वाटले होते. म्हणाले, "पोरगी पुन्हा तान्ही झाली."

तर अशी ही थोरली यंदा भाद्रपदाच्या शेवटी आजारी पडली. वाशीला टोमॅटो उतरवून हे रिकामे परत येत होते. कसाऱ्याचा घाट चढून वर आले, चहाला थांबले, तर इंजिन नुसतं चालू असताना समोर लाल दिवा लागला. तेलाचा दाब कमी झाल्याचा. तेल मोजलं तर पुरेसं होतं. मग गाडी थंड होऊ दिली, हळूहळू घरी आणली, आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये उभी केली. आणि तिच्याकडे बघत बघत, मागे वळून उतरायला गेले ते पायरी चुकले. घोटा मोडला. पायाला प्लास्टर.

एक जण प्लॉटमध्ये, एक जण पलंगावर. दोघांनाही हलता येईना.

रफिकभाईंना बोलावलं. वडाळा नाक्याकडचे मेकॅनिक. थोरली आली त्या वर्षापासून तिला हात लावायचा तो त्यांनीच. आमच्या घरातल्या डॉक्टरांपेक्षा त्यांची बोलण्याची पद्धत डॉक्टरी. इंजिनाला कान लावतात, डोळे मिटतात, मग एकदम घरच्यांना बाजूला घेऊन बोलतात.

"अण्णा," ते ह्यांना म्हणाले, "दोन गोष्टी असू शकतात. एक तर तेलाचा दोष. वाटेत कुठल्या टपरीवर तेल टाकलं होतं का?"

हे चादरीची घडी नीट करायला लागले.

"टाकलं होतं?"

"थोडंसं," हे म्हणाले. "जाताना, इगतपुरीच्या पुढं. स्वस्त होतं."

"स्वस्त." रफिकभाईंनी तो शब्द असा उच्चारला की मलाच लाज वाटली. "पाण्यासारखं असणार ते. पातळ तेल गरम झालं की त्याला दाब धरत नाय. तसं असेल तर तेल बदलू, फिल्टर बदलू, गाडी नीट होईल. दुसरी गोष्ट वाईट हाय. आतली बेअरिंगं झिजली असतील, तर कितीबी चांगलं तेल घाला, ते फटीतून निसटून जाणार. मग सगळं इंजिन खाली उतरवायचं."

"उतरवायचं नाही," हे म्हणाले. "इतक्या वयाच्या गाडीचं इंजिन उतरवून काय करू? तसं निघालं तर निंबाअप्पाला बोलावतो."

निंबाअप्पा म्हणजे मालेगावकडचे भंगारवाले. जुन्या गाड्या घेतात आणि कापतात. ह्यांनी ते वाक्य बोलून टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मग भिंतीलाच म्हणाले, "मी काय, जाईन कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून."

मी दाराशी चहाचे कप घेऊन उभी. उभ्या आयुष्यात ह्यांनी दुसऱ्याच्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरलेलं मला माहीत नाही. सासरे गेले तेव्हासुद्धा ह्यांचा आवाज असा झाला नव्हता.

रफिकभाई निघताना म्हणाले, "एवढ्यात हार मानू नका. पहिलं की दुसरं, ते दिवाच सांगेल."

दिवा सांगेल. बस, एवढं मी ऐकलं आणि तिथेच हात जोडले. दिवा काय सांगेल, कसा सांगेल, ते मी विचारलं नाही. आणि मला कुणी सांगितलंही नाही. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ ते.

आता मध्येच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला वेडी म्हणाल. तसं शेवटी म्हणालच, पण निदान कारण कळू दे. दोन दिवसांनी नवरात्र बसलं. घट बसवले, देवीपुढे अखंड दिवा लावला. नऊ दिवस तो शांत होऊ द्यायचा नाही. मी तर पंखासुद्धा लावत नाही त्या दिवसांत. ह्यांना घाम आला तर पुठ्ठ्याने वारा घालते, तोही दिव्याच्या उलट्या दिशेने.

शिवाय यंदा माईकाकूंनी मला एक जास्तीचा नेम दिला होता. माईकाकू म्हणजे आमच्या गल्लीतल्या व्रतवैकल्यांच्या हायकोर्ट. म्हणाल्या, "सुमन, घरात दोन-दोन संकटं आहेत. नऊ दिवस तोंडातून अशुभ शब्द काढू नकोस. वाणी शुद्ध ठेव, सगळं सुरळीत होईल."

तुम्ही करून बघा कधी. दूध नासलं, तर नासलं म्हणायचं नाही. मी म्हटलं, "दूध उपासाला बसलं." गॅस संपला तर "गॅस आणायला झाला." हाडांचे डॉक्टर पाय बघायला लागले आणि विचारलं, "कसा मोडला?" मी म्हटलं, "मोडला नाही हो, विश्रांतीला गेलाय." डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "नवरात्र आहे." डॉक्टर नाशिकचेच, त्यांनी मान डोलावली आणि पुढचं लिहिलं.

पण काही शब्द मला शिकावे लागले नाहीत. ते माहेरूनच आलेले. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मंगळसूत्र तुटलं असं कुणी म्हणेल का? ते वाढलं. आमच्या माहेरी दिव्यालाही तेच. आजी कधी तो दुसरा शब्द उच्चारायची नाही. देवापुढचं निरांजन वाऱ्याने गेलं की म्हणायची, "दिवा वाढला ग बाई."

लक्षात ठेवा हं, हा शब्द.

ललितापंचमीला रफिकभाई सकाळी आले. थोरलीच्या पोटातलं जुनं तेल काढून टाकलं, नवा फिल्टर बसवला. नवं तेल दुकानातून यायचं होतं, त्याला उशीर झाला. तेवढ्यात त्यांना घोटीहून फोन. प्रवाशांनी भरलेली गाडी रस्त्यात अडकली होती.

"जावं लागतं," ते म्हणाले. "तेल आलं की घाला. अण्णा सांगतील कुठं. मग वहिनी, तुम्ही वर चढा, मला फोन करा, अन् चावी मारा. दिवा काय करतो तेवढं सांगा. बाकी मी बघतो."

तेल आलं. हे प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून ओट्यावर खुर्चीत बसले आणि तिथून हुकूम सोडायला लागले. मी पदर खोचून थोरलीच्या नाकापुढे पाटावर उभी. वरचं झाकण उघडलं, तेलाचा डबा उचलला, आणि बारीक धार धरली.

"अगं, ओत ना."

"ओततेच आहे."

"हे काय ओतणं? अभिषेक चाललाय का? संध्याकाळपर्यंत डबा रिकामा व्हायचा नाही."

आता दर शनिवारी मारुतीला तेल वाहणारा हात तो. त्याला एकदम गदागदा ओतायची सवय कुठून असणार? आणि खरं सांगू, धारेबरोबर मी मनात स्तोत्रही म्हणत होते. दोन्ही पूर्ण झाली तेव्हा माझा हात भरून आला होता.

मग वर चढले. ट्रकची पायरी साडी नेसणाऱ्या बाईचा विचार करून बांधलेली नसते, एवढंच सांगते. पहिल्यांदा चढले ती उलटी, तोंड रस्त्याकडे. समोरून भाजीवाला जात होता, त्याने नमस्कार केला. मीही केला.

आत बसले. फोन लावून कानाशी धरला. रफिकभाई म्हणाले, "वहिनी, चावी आधी अर्धीच फिरवा. इंजिन चालू नका करू. दिवा लागला का?"

मी चावी अर्धी फिरवली.

काय सांगू तुम्हाला. काचेखाली, त्या गोल काट्यांच्या मध्ये, लाल रंगाची पणती लागली. खरंच सांगते, हुबेहूब पणती. तिला चोच, चोचीच्या टोकाशी तेलाचा थेंब. इतकी वर्षं मी ह्या गाडीला बाहेरून हळदकुंकू लावत आले, आणि आत एवढा तेवता दिवा आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रफिकभाई 'दिवा सांगेल' म्हणाले तेव्हा मला वाटलं होतं, नुसता एखादा बल्ब असेल.

"लागला हो," मी म्हटलं. "किती सुंदर लागलाय."

"सुंदर?" रफिकभाई म्हणाले. "बरं. आता पूर्ण चावी मारा."

मारली. थोरली गदगदून हलली, खोकली आणि सुरू झाली. काचा वाजायला लागल्या, सीट हलायला लागली, मी हलायला लागले. आणि त्या गदारोळात माझी नजर पणतीवर. क्षणभर ती तशीच होती. मग फडफडली. आणि गेली.

माझ्या डोळ्यांदेखत. नवरात्रात. माझ्या हातातल्या चावीने.

"वहिनी," कानात रफिकभाई ओरडत होते, "दिव्याचं काय झालं?"

तुम्हीच सांगा, मी काय म्हणणार होते?

"वाढला," मी म्हटलं.

"काय?"

"वाढला हो रफिकभाई. दिवा वाढला."

पलीकडून हळू आवाजात, "वाढला? कमी नाय झाला?"

"नाही हो." माझ्या डोळ्यांत पाणी. "पूर्ण वाढला."

"बंद करा," ते म्हणाले. "वहिनी, लगेच इंजिन बंद करा. मी अण्णांना फोन करतो."

खाली उतरले तेव्हा हे फोन मांडीवर ठेवून बसले होते. चेहरा बघवत नव्हता.

"रफिक म्हणतो, दिवा वाढला."

"हो."

"तू नीट बघितलंस?"

"ह्या डोळ्यांनी बघितलं," मी म्हटलं. "माझ्याच हातून झालं हो."

"तुझ्या हातून कशाला? तिचं वय झालं."

आणि आम्ही दोघं ओट्यावर बसून डोळे पुसत राहिलो. एकाच शब्दासाठी. त्यांना वाटत होतं, दाब इतका गेला की दिवा जास्तच प्रखर झाला. मला वाटत होतं, सणाच्या दिवसांत दिवा गेला, आता काय होणार. संसारात इतकं एकमत आमचं क्वचितच झालं असेल.

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांच्या नवऱ्याला बायकोचा शब्द कळू नये? कळतो ना. माझी बांगडी वाढली की त्यांना बरोबर कळतं. पण त्या वेळी ते माझे नवरे नव्हते, ड्रायव्हर होते. ड्रायव्हरच्या कानाला वाढलं म्हणजे वाढलं.

ह्यांनी तिथूनच निंबाअप्पांना फोन लावला. "उद्या सकाळी या," एवढंच म्हणाले. रफिकभाईंचाही निरोप होता, की सकाळी येऊन एकदा खरा काटा लावून दाब मोजतो, पण आशा धरू नका.

आशा धरू नका, असं मला कुणी म्हटलं की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. सोळा सोमवार काय आशा सोडून करतात का? दुपारची आवराआवर झाली, ह्यांचा डोळा लागला, तशी मी हळदकुंकवाची कोयरी आणि झेंडूचं एक फूल घेऊन पुन्हा वर चढले. या वेळी सुलटी. थोरलीला हात जोडले. म्हटलं, काल-परवापर्यंत तू आम्हाला पोसलंस, एक दिवस तुला दिवा लावायला काय हरकत? आणि चावी अर्धी फिरवली.

लागली. पणती लागली. एका झटक्यात. तेल नको, वात नको, काजळी नाही, वाऱ्याची भीती नाही. मनात आलं, ही सोय देवघरात का नाही? चावी तशीच ठेवली, फूल पणतीपुढे ठेवलं आणि दार हळूच लावून घेतलं. कुणाला बोलले नाही. नेम बोलून दाखवायचा नसतो.

फक्त संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "सगळं छान होणार आहे, बघाच तुम्ही."

"तू म्हणतेस तर होईल," हे म्हणाले. पण बघत होते खिडकीतून तिच्याकडे.

सकाळी निंबाअप्पा स्वतःचा ट्रक घेऊन हजर. पांढरा सदरा, टोपी, वागणं देवमाणसाचं. थोरलीभोवती फिरले, बोटाच्या पेरांनी तिच्या अंगावर टकटक केलं.

"पत्रा जाड शे," म्हणाले. "अशा गाड्या आता येत नाहीत."

मला वाटलं त्यांचा हात धरावा. आपली मुलगी बघायला आलेल्यांनी तिचं वजन विचारावं, तसं वाटलं.

"कापण्याआधी एकदा इंजिनाचा आवाज ऐकू द्या," हे कुबडीवर टेकून म्हणाले. "माझ्यासाठी."

तेवढ्यात रफिकभाई आले. तडक वर चढले. बाहेर आवाज आला, टक्. मग परत, टक्. मग तेही नाही.

निंबाअप्पांनी टोपी काढली. "अण्णा, इंजिनबी गेलं आणि बॅटरीबी गेली. आता वाईट वाटून घेऊ नका."

ह्यांनी मान खाली घातली. पण रफिकभाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"एक मिनिट. चावी आधीपासूनच ऑन हाय. बॅटरी रात्रभर उतरली. हे कुणी केलं?" मग आत वाकून म्हणाले, "अन् हे फूल कुणाचं?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मी. काल दिवा वाढला होता ना, म्हणून परत लावून ठेवला."

"परत लावला?" रफिकभाई खाली उतरले. अगदी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "वहिनी, जो वाढला तो परत कसा लावता? वाढला म्हणजे काय झाला होता?"

"वाढला म्हणजे… शांत झाला."

"शांत म्हणजे?"

"अहो, ते तोंडाने म्हणत नाहीत."

"विझला?"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "शुभ बोला हो, नवरात्र आहे."

रफिकभाई सावकाश थोरलीच्या चाकाला टेकले आणि खाली बसले. मग ह्यांना म्हणाले, "अण्णा. काल दिवा विझला होता."

ह्यांच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. "अगं, मग वाढला कशाला म्हणालीस?"

"मग काय म्हणू?"

"तो विझायलाच पाहिजे असतो."

"दिवा?" मी म्हटलं. "दिवा विझायला पाहिजे?" पाहिलंत, तो शब्द माझ्या तोंडून गेलासुद्धा. माईकाकूंचा नेम तिथेच वाढला.

रफिकभाईंनी समजावलं, की तो धोक्याचा दिवा. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो, म्हणून चावी अर्धी फिरवली की तो लागतो. इंजिन सुरू झालं, तेल दाबाने फिरायला लागलं, की जातो. नाही गेला तर समजायचं, गाडी संकटात आहे.

"मग त्याला देवाच्या पणतीचं रूप कुणी दिलं?" मी विचारलं. माझं काही चुकलंय का, तुम्हीच सांगा.

"त्याचं उत्तर माझ्याकडं नाय," रफिकभाई म्हणाले. "पण वहिनी, एवढ्यावर नाचू नका. दिवा थोड्या दाबावरबी जातो. गाडी पूर्ण तापवून काटा लावला की खरं कळेल. थंड असताना सगळ्यांचंच प्रेशर चांगलं दिसतं. माणसांचंबी."

बॅटरी तर मी संपवलेली. इकडे तिकडे बघितलं तर एकच ट्रक उभा होता, निंबाअप्पांचा. त्यांच्या बॅटरीला वायर जोडली, थोरलीला करंट दिला, आणि ती सुरू झाली. निंबाअप्पा कमरेवर हात ठेवून बघत होते. "कमाल शे," म्हणाले. "माझी बॅटरी माझ्याच धंद्यावर उठली."

रफिकभाईंनी ती क्षणभर बंद केली, इंजिनात तो दिव्याचा स्क्रू असतो तो काढून तिथे काटा असलेली नळी बसवली आणि परत सुरू केली. आता गाडी तापायची वाट बघायची. मला तिथे उभं राहवेना. घरात आले, देवीपुढे बसले. आमचा अखंड दिवा संथ तेवत होता. तिला म्हटलं, शब्द माझा चुकला, गाडीचा नाही. शिक्षा द्यायची तर मला दे. वाटल्यास वर्षभर वांगं सोडते.

बाहेर इंजिनाचा आवाज चढत होता, उतरत होता. बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि एकदम रफिकभाईंची हाक आली.

"वहिनी, प्रेशर वाढलं!"

वाढलं. संपलं सगळं. बिचारे किती चांगले, मला दुखवू नये म्हणून माझ्या शब्दात सांगतायत.

पदराने डोळे पुसले, हळदकुंकवाची कोयरी घेतली आणि बाहेर आले. सरळ निंबाअप्पांसमोर जाऊन म्हटलं, "दादा, न्या तिला. पण जायच्या आधी मला तिची ओटी भरू द्या."

तिघं माझ्याकडे बघत राहिले.

"अगं," हे म्हणाले, "प्रेशर वाढलं."

"हो, ऐकलं मी."

"वाढलं म्हणजे वाढलं. चढलं. काटा वर गेला."

"तुमचं वाढलं की माझ्या माहेरचं?"

"आमचं," रफिकभाई म्हणाले. "गॅरेजचं. खरंखुरं वाढलं." मग काट्यावर बोट ठेवून मला दाखवलं. गाडी तापल्यावर नुसती उभी असताना काटा थोडा खाली येत होता, पण थांबत होता. गती दिली की वर जात होता. "म्हातारीचं प्रेशर म्हातारीसारखं हाय, पण ठाम हाय. बेअरिंगं अजून धरून हायेत. दोष त्या स्वस्त तेलाचा. जाड तेल वापरा, वेळेवर बदला, अन् टपरीवर थांबलात तर फक्त चहा प्या, अण्णा."

हे कुबडी सोडून दोन्ही हातांनी थोरलीचं नाक धरून उभे राहिले. मला वाटतं, रडत होते. मी बघितलं नाही. प्रत्येकाचा एक घट असतो, तिथे दुसऱ्याने डोकावू नये.

निंबाअप्पांना मी साबुदाण्याची खिचडी दिल्याशिवाय सोडलं नाही. जाताना म्हणाले, "ताई, गाडी कापायची वेळ आली तरी मला फोन तुम्ही करू नका. अण्णांनाच करू द्या."

मग दसरा आला. थोरली धुऊन पुसून चकाचक, समोर झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं. हे प्लास्टरसकट खुर्चीत, रफिकभाई सोन्याची पानं घेऊन आलेले, गल्लीतल्या बायका जमलेल्या. सगळ्यांत पुढे माईकाकू. मी आरतीचं ताट घेऊन गाडीसमोर उभी. दुसऱ्याच दिवशी थोरली पुन्हा रस्त्यावर जाणार होती, दुसऱ्या कुणाच्या हाती का होईना, पण आमची म्हणून. मन इतकं भरून आलं होतं.

ओवाळायला ताट उचललं, आणि मोकळ्या प्लॉटमधून वाऱ्याचा एक झोत आला. निरांजनातली वात फडफडली आणि गेली.

सगळ्या बायका स्तब्ध. माईकाकूंनी छातीवर हात ठेवला. आणि त्या शांततेत माझ्या तोंडून, आनंदाने, अगदी खणखणीत आवाजात निघालं:

"विझला! चला, आता काळजी नाही."

माईकाकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की हायकोर्टाने निकाल दिलाच म्हणा. ह्यांनी खुर्चीत तोंड फिरवलं, खांदे तेवढे हलत होते. आणि माझ्या मागे, अगदी हळू आवाजात, रफिकभाई म्हणाले,

"वहिनी, हा वाढला म्हणायचा होता."